ओल्या बांधाला थोडा वेळ द्या

डॉक्टरांनी बरी केलेली गोष्ट पुन्हा बिघडली, तर ती बरी झालीच नव्हती असं म्हणायचं का?

खारवलीच्या मिठागराच्या कडेला गुडघ्यांत डोकं खुपसून शमिका हाच विचार करत बसली होती. सकाळ नुकतीच उजाडली होती. मिठागराच्या उथळ वाफ्यांमध्ये आकाश उतरलं होतं आणि पलीकडे, उंच मनोऱ्याला बांधलेलं पांढरंशुभ्र हवाजहाज वाऱ्यावर हळूहळू मान वळवत होतं. एरवी ते पाहताना शमिका भान हरपायची. आज मात्र तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. कारण बिघडलेली गोष्ट म्हणजे तिच्या आईचं हृदय होतं, आणि ते आपल्यामुळे बिघडलं अशी शमिकाची खात्री झाली होती.

शमिकाची आई, अन्विता, त्या हवाजहाजाची वैमानिक होती. समुद्रात दूरवर शेवाळाची शेती करणाऱ्या लोकांच्या तरंगत्या वाड्या होत्या. त्यांना औषधं, गोडं पाणी आणि शाळेची पुस्तकं पोचवायचं काम आईचं जहाज करायचं. सूर्याच्या उजेडावर चालणारं ते जहाज ढगासारखं बिनआवाज जायचं. वाडीवरची मुलं म्हणे त्याची सावली पाण्यावर दिसली की नाचायला लागत.

पण पावसाळा सरता सरता एका फेरीत आईच्या छातीत कुणीतरी मूठभर चिमण्या सोडल्यासारखी फडफड सुरू झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या वैमानिकाने जहाज सुखरूप उतरवलं. नंतर कळलं, आईच्या हृदयाचा ताल चुकत होता. शहरातल्या इस्पितळात तिच्यावर उपचार झाले आणि दुसऱ्याच दिवशी, मांडीशी लावलेली एक छोटीशी पट्टी घेऊन ती हसत घरी आली. तिच्यासोबत इस्पितळाने काही महिन्यांसाठी एक निळा यंत्रमानव पाठवला होता. त्याचं नाक खंड्या पक्ष्याच्या चोचीसारखं लांबुळकं होतं, म्हणून शमिकाने त्याचं नाव ठेवलं खंड्या.

"जड काही उचलू नका. औषध चुकवू नका. हळूहळू चाला," असं खंड्या रोज न कंटाळता सांगायचा. काही आठवडे सगळं छान चाललं. आईला हुशारी वाटू लागली. मग काल शमिकाने हट्ट धरला, "आई, आपण मनोऱ्यावर जाऊया ना! तिथून जहाज किती जवळ दिसतं!" दोघी पायऱ्या चढून गेल्या, वर वारा खाल्ला, परत आल्या. आणि संध्याकाळी आईने अचानक छातीवर हात ठेवला.

चिमण्या परत आल्या होत्या.

खंड्याने लगेच डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर त्याच्या पोटावरच्या पडद्यावर आल्या, आईशी बरंच बोलल्या आणि औषध थोडं बदलून दिलं. थोड्या वेळाने फडफड थांबलीही. पण नंतर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गेलं सगळं पाण्यात. आता जहाजाचा नाद सोडलेला बरा."

ते वाक्य शमिकाच्या काळजात रुतून बसलं होतं.

"काय गो, एवढ्या सकाळी इथे?"

शमिकाने डोकं वर केलं. मंदारआजोबा उभे होते, आणि त्यांच्यामागे चिखलातून जपून पावलं टाकत खंड्या. मंदारआजोबा आईचे काका. त्यांचं सगळं आयुष्य हृदयातल्या विजेचा अभ्यास करण्यात गेलं होतं. आईची चौकशी करायला ते कालच पुण्याहून आले होते.

शमिकाला राहवलं नाही. "आजोबा, मी आईचं हृदय मोडलं," ती म्हणाली आणि मनोऱ्याची सगळी गोष्ट तिने रडत रडत सांगून टाकली.

आजोबा तिच्याशेजारी ओल्या मातीतच बसले. धोतर नव्हे, चांगली पांढरी पॅन्ट होती, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"चार पायऱ्यांनी हृदय मोडत नाही, बाळ," ते म्हणाले. "पण असं नुसतं सांगून तुझं समाधान व्हायचं नाही. आधी मला सांग, हृदय ठोके का देतं?"

"रक्त ढकलायला."

"बरोबर. पण 'आता ढकल' हे त्याला कोण सांगतं?"

शमिका विचारात पडली. "मेंदू?"

"मेंदू त्याला घाई कर किंवा सावकाश चल एवढंच सांगतो. मूळ हुकूम हृदयाच्या आतूनच येतो. हृदयात वरचे दोन कप्पे असतात, त्यांना अलिंद म्हणतात. खालचे दोन, ते निलय. उजव्या अलिंदात वरच्या बाजूला पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तो स्वतःच विजेची हलकी लहर सोडतो. ती लहर आधी अलिंदांवरून पसरते, मग निलयांत उतरते, आणि ज्या क्रमाने ती पोचते त्या क्रमाने हृदय आवळतं. एक लहर, एक ठोका."

खंड्याने हळूच आपल्या पोटावरचा पडदा उजळवला. त्यावर धुक्यासारखं हृदय दिसू लागलं. वरून एक सोनेरी लहर निघाली, खाली झिरपली आणि विझली. मग दुसरी. शमिका डोळे पुसायचं विसरली.

"आईच्या हृदयात काय झालं?"

"फुफ्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या अलिंदाला मिळतात. त्यांच्या तोंडाशी काही पेशी मधूनच आगाऊपणे आपल्या लहरी सोडायला लागल्या."

पडद्यावर डाव्या बाजूला ठिणग्या उडू लागल्या. सोनेरी लहरीची वाट विस्कटली. इकडून एक तरंग, तिकडून दुसरा. सगळा अलिंद वाऱ्याने शहारलेल्या पाण्यासारखा थरथरू लागला.

"याला म्हणतात अलिंदकंपन, म्हणजे वरच्या कप्प्याची नुसतीच थरथर," आजोबा म्हणाले. "डॉक्टरांनी मांडीतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे एक लवचिक बारीक नळी, थेट हृदयापर्यंत नेली. त्या शिरांच्या तोंडांभोवती नळीच्या तापवलेल्या टोकाने गोल डाग दिले. जिथे डाग दिला तिथे व्रण तयार होतो, म्हणजे जखम भरल्यावर राहते ती खूण. व्रणातून वीज जात नाही. झाली की नाही भिंत?"

"मग भिंत असून चिमण्या बाहेर आल्या कशा?"

आजोबांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हातांनी चिखल उपसला. "चल, आपण एक बांध घालूया."

वाफ्याच्या कोपऱ्यात दोघांनी चिखलाचा वाटोळा बांध घातला. शमिकाने तो थापून थापून गुळगुळीत केला. खंड्याने डबा भरून खारं पाणी आणलं आणि आत ओतलं. क्षणभर पाणी थांबलं. मग बांधाच्या पायाशी एके ठिकाणी ओल दिसली, दुसऱ्या ठिकाणी बारीक धार लागली आणि एक ढेकूळ सुटून वाहून गेलं.

"फुटला!" शमिका कळवळून म्हणाली.

"फुटला नाही, अजून बसला नाही," आजोबा म्हणाले. गळती लागलेल्या जागा त्यांनी बोटाने लिंपल्या. "तो बघ, पलीकडे मिठागराचा मोठा बांध. तोही असाच ओला होता. माती दबली, उन्हाने आळली, आणि आता भरतीलाही दाद देत नाही. हृदयातले डाग आज असेच ताजे आहेत. त्या जागा सुजलेल्या आहेत, चिडलेल्या आहेत. चिडलेली पेशी स्वतःच एखादी ठिणगी टाकते. व्रण पुरता पक्का व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर मधूनच फडफड झाली, तर उपचार फसले असं समजायचं नसतं."

"म्हणजे माझ्यामुळे नाही झालं?"

"नाही गो."

शमिकाने मोठा श्वास सोडला. पण लगेच तिच्या मनात दुसरी शंका आली. "आणि महिने संपले तरी फडफड राहिली तर?"

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीला गोड खोटं सांगावं असं त्यांना वाटलं नाही. "कधीकधी राहते. मग डॉक्टर तपासतात, राहिलेली फट शोधतात, लागलं तर पुन्हा बुजवतात. आणि फडफड झाली की दर वेळी त्यांना कळवायचंच. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर क्षणभरही थांबायचं नाही. वेळ द्यायचा, पण लक्ष ठेवून."

शमिका चिखलाच्या हातांनीच घरी धावली. आई खिडकीशी बसली होती. बांध, ठिणग्या, सूज, सगळं शमिकाने एका दमात सांगितलं. आई ऐकत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनी मलाही हेच सांगितलं होतं, राणी. कळतं सगळं. पण छातीत फडफडलं की ते शहाणपण कुठल्या कुठे पळून जातं. समुद्रावर असताना असं झालं तर, एवढंच मनात येतं."

आईलाही भीती वाटते, हे शमिकाला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं. ती आईला बिलगली. "मग आत्ताच नको ना जाऊस समुद्रावर. आधी बरी हो. पण 'नाद सोडते' असं नको म्हणूस."

आई बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते शमिकाला पुढे एखाद्या लांबलचक स्वप्नासारखं आठवायचं. हिवाळ्याचं मऊ ऊन, वाफ्यांत साकळत जाणारं मीठ, आणि संध्याकाळी खाडीच्या कडेने हळूहळू फिरणारी आई. आज जरा जास्त, उद्या थकवा वाटला तर कमी. चिमण्या मधूनमधून यायच्या. आई लपवायची नाही. "आली बघ," म्हणायची, खंड्या नोंद करायचा, आणि दोघी मायलेकी त्या जाईपर्यंत बसून राहायच्या.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आई कामावर गेली, पण आकाशात नाही. हवातळावरच्या नियंत्रण कक्षात बसून ती दुसऱ्यांच्या जहाजांना वारा सांगायची, वाट सांगायची. तेही अर्धाच दिवस. पहिल्या दिवशी घरी आली ती चपला काढून तशीच झोपी गेली. शमिकाला धास्ती वाटली.

"इतके दिवस विश्रांती घेतलेलं शरीर पहिल्यांदा दमतंच," खंड्या म्हणाला. "ताल ठीक आहे. झोपू दे त्यांना."

हळूहळू अर्ध्याचा पूर्ण दिवस झाला. चिमण्या विरळ झाल्या आणि मग यायच्याच थांबल्या. थंडी सरताना मोठी तपासणी झाली. आईच्या छातीला चिकटवलेल्या, ठोके मोजणाऱ्या चकतीने कित्येक दिवसांचा ताल टिपला होता. डॉक्टर पडद्यावर हसून म्हणाल्या, "भिंत पक्की झाली आहे. आता उडा, पण सुरुवातीला दुसरा वैमानिक सोबत हवा."

निघायच्या दिवशी हवातळावर शमिका आणि आजोबा उभे होते. आईने वळून पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली. दोर सुटला. जहाज आवाज न करता उचललं गेलं आणि समुद्राच्या दिशेने वळलं. पाण्याची निळाई संपते कुठे आणि आकाश सुरू होतं कुठे ते कळत नव्हतं. त्या निळ्यात जहाज कापसाच्या बोंडाएवढं झालं.

"आजोबा," शमिका एकदम म्हणाली, "भिंतीच्या पलीकडे अडकलेल्या त्या पेशी आता काय करत असतील?"

"काही गप्प बसल्या असतील. काही अजूनही आपापल्या लहरी सोडत असतील. फक्त हृदयाला त्या ऐकू येत नाहीत."

"पण त्या मुळात आगाऊपणा का करायला लागल्या?"

"त्याची काही कारणं आम्हाला सापडली आहेत. सगळी नाहीत. ती कळली, तर भिंत घालायची वेळच येणार नाही कदाचित. पण पूर्ण उत्तर अजून कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच?" शमिकाचे डोळे लकाकले. "तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा."

दोघं तिथेच बोलत राहिले. तासाभराने नियंत्रण कक्षाच्या ध्वनिक्षेपकातून आईचा आवाज आला, दूरचा पण ठाम. "खारवली, वाडी दिसायला लागली आहे. मुलं बाहेर आली आहेत. नाचतायत."

शमिकाने ऐकलं, खूप हसली, आणि आजोबांची बाही ओढत म्हणाली, "चला घरी. मला त्या पेशींबद्दल तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं सगळं सांगा. पुढचं मी शोधते."