नाड्यातली बारीक जागा

“थांबवा! नईमभाईले थांबवा!”

अमरीन जीव तोडून ओरडली, पण शंकरपटाच्या, बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, भोंग्यापुढे तिचं कोण ऐकणार? अजून तीन जोड्या, मग तिच्या भावाची पाळी. नईमभाईच्या छकड्याचं जू ज्या कातडी नाड्यानं बांधलं होतं, त्यात एक जागा बारीक होती. आणि हे फक्त तिलाच ठाऊक होतं!

दिवाळीच्या सुट्टीत ती आजोबांना, दाऊददादांना, मदत करायची. चार दिवसांपूर्वी दादांनी म्हशीचं भिजवलेलं कातडं कापायला घेतलं. ठोकळ्यात पातं रोवलेलं, पात्यापासून बोटभरावर खुंटी. गोल कातडं पातं आणि खुंटीच्या मधून ओढत फिरवलं, की काठाची वादी सुटत जाते, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या रुंदीची. खुंटी तेवढी हलता कामा नये. ती ढिली होती, म्हणून अमरीननं दाबून धरली होती. नेमकी तेव्हाच शेजारच्या पिंटूनं माकडासारखी तोंडं केली. ती हसली, खुंटी सरकली आणि वादी हातभर लांबीत निम्म्याच रुंदीची निघाली! दादांची नजर अधू. अमरीन भीतीनं गप्प बसली. नाड्याच्या तीन पदरांच्या वेणीत आणि तेलाच्या काळ्या थरात ती जागा दडून गेली.

“नाडा तुटला तं?” सगळं ऐकून मैत्रीण दीपमालानं विचारलं.

“बैल जू घेऊन पळतील. छकडा तोंडावर पडंल अन् भाई चाकाखाली...” अमरीन छकड्यांच्या रांगेकडं धावली.

तिथं नईमभाईच्या जोडीचे मालक चंद्रभानकाका भेटले. अमरीननं सगळं कबूल केलं. काका खो खो हसले! “पोरी, पाळी आली ना आपली! दाऊदमियाँचा नाडा हत्तीले बी तुटत नाई!”

“मंग तुमी लटकून दाखवा ना, काका!” पिंटू म्हणाला. “का भेव लागते?”

“मले? भेव?”

काकांनी तावातावानं नाडा सोडला, लिंबाच्या फांदीवर टाकला, दोन्ही टोकं धरली आणि पाय उचलले.

तडक्!

एक पदर तुटून सापासारखा उसळला. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते हळूच खाली उतरले. नुसत्या माणसाच्या वजनाला एक पदर गेला होता. बैलांच्या हिसक्याला काय राहिलं असतं?

“आमच्या घरी जुना नाडा आहे!” अमरीन आणि दीपमाला धूम पळाल्या. लाल्या रोगानं कपाशी गेली त्या वर्षी दादांनी बैल विकले होते, नाडा मात्र तेल लावून जपला होता. पिंटू पंचांसमोर हातच जोडून बसला. त्यांनी पाळी एक जोडी मागं ढकलली.

जुना नाडा बांधून छकडा शर्यतीला सुटला. अमरीननं डोळे गच्च मिटले. धुरळा बसला तेव्हा पलीकडच्या टोकाला नईमभाई हसत उभा होता!

“या पोरीनं पोरगं वाचोलं!” काका सगळ्यांना सांगत सुटले.

संध्याकाळी दादांनी खुंटीला पाचर ठोकली, नवं कातडं पुढं ओढलं आणि खुंटीवर स्वतःचा अंगठा ठेवला.

“दादा, माझ्यामुळंच...”

“मालूम आहे. म्हणून तर. आता खुंटी मी धरतो, बेटा. वादी तू काढ.”

अमरीननं कातडं हळूहळू ओढत फिरवलं. या वेळी वादी सारखी निघाली.