सौदामिनीचं शेवटचं रीळ

योगीराजला हर्षाली आधी चांगली दहा फूट उंच दिसली. मग तिची खरी उंची कळली, आणि तो जास्तच घाबरला.

झालं होतं असं, की ईट गावच्या जत्रेत दिवस मावळताना तो प्रोजेक्टरचा दिवा लावून बघत होता. पांढऱ्या पडद्यावर एकाएकी एक सावली उभी राहिली. कमरेला ओढणी खोचलेली, वेणी खांद्यावर, आणि उजव्या कोपरापासून पुढं सापासारखं लवलवणारं लांबलचक पातं.

"ओ बाई, उजेडातनं बाजूला व्हा! पडद्यावर तुम्हीच दिसायलाव!"

"मग चांगलंच दिसत असंल की," सावली म्हणाली.

"सिनेमा दिसाया पाहिजे."

"सिनेमा संपला की मीच दिसते इथं. नवे हाय व्हय तुम्ही? लिंबाजीबाबांचे कोण?"

"नातू."

"अगंबाई… म्हंजे रीळखाऊ!"

योगीराजनं मान खाली घातली. ढोकीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं बरं चाललेलं दुकान होतं, आडनाव होतं, आधार कार्ड होतं. ईटमध्ये मात्र त्याच्या घराण्याला रीळखाऊ म्हणत. आजोबा लिंबाजी तंबूतला सिनेमा घेऊन गावोगाव फिरायचे. 'समशेरवाली सौदामिनी' हा त्यांचा हुकमी सिनेमा. सौदामिनी म्हणजे एका किल्लेदाराची लेक. घोड्यावरून, झुंबरावरून आणि एकदा तर चालू लग्नातून उडी मारून तलवार चालवणारी. शेवटी तिची गाठ पडते उर्मट राजकुमाराशी. तलवारीला तलवार भिडते आणि… पडदा पांढरा होतो. कारण शेवटचं रीळ नाही. पहिल्या वर्षी होतं म्हणे, पुढच्या वर्षीपासून नाहीसं झालं. लिंबाजीनं विकून खाल्लं, असं गावानं ठरवलं. लिंबाजींनी कधी हो म्हटलं नाही, कधी नाहीही म्हटलं नाही. ते वारले तेव्हा ईटहून चार माणसं दहाव्याला आली होती. त्यांनीही निघताना रिळाची चौकशी केलीच. त्यांच्यामागं मशीन योगीराजकडं आलं आणि यंदा तो पहिल्यांदाच ईटला आला होता.

पण जत्रेत तोच सिनेमा हवा, हा ईटचा हट्ट. म्हणून गावानं तोड काढली. पडदा पांढरा झाला की तालमीतली माणसं उजेडात उतरायची आणि उरलेली लढाई स्वतः पुरी करायची. सौदामिनी व्हायचा गोरोबा, मिशांवर पदर ओढून. गोरोबाचे गुडघे गेले तेव्हा वस्ताद हिंमतरावांची लेक पुढं आली. हर्षाली शाळेतल्या पोरींना दांडपट्टा शिकवायची. तिनं पहिल्याच साली राजकुमाराला, म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्या व्यंकटला, असा लोळवला की त्याच्या अंगातलं पीठ पहिल्या रांगेपर्यंत उडालं. तेव्हापासून सौदामिनी जिंकते हे ईटमध्ये पक्कं झालं.

त्या संध्याकाळीही ती जिंकली. योगीराजनं मशीनमागं उभं राहून ते पाहिलं. दिव्याच्या झोतात धूळ सोन्यासारखी उडत होती, पातं झोतातून फिरलं की क्षणभर वीज चमकायची, आणि शेवटी तिनं घाम पुसत वळून मशीनकडं बघितलं. मशीनकडंच बघितलं असणार, असं त्यानं स्वतःला बरेच दिवस बजावलं.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी मळ्यात हुरड्याला बोलावलं. हर्षाली गरम कणसं हातावर चोळत होती.

"दिवा फार जवळ ठेवता तुम्ही," ती म्हणाली. "डोळं दिपतंय माझं."

"लांब ठेवला तर तुम्ही नीट दिसत न्हाय."

"सिनेमा दाखवायला येता का मला बघायला?"

"शेवटचं रीळ न्हाय ना… मग तेवढंच बघावं लागतंय."

तिनं तळहातावर जोरात फुंकर मारली. हुरडा तिच्या हातात राहिला आणि कोंडा थेट त्याच्या डोळ्यांत गेला. तेव्हापासून योगीराजला दुसरी कुठलीच मुलगी नीट दिसेना.

पुढं फोन सुरू झाले. आधी पडदा कुठं उभा करायचा यावर, मग पडद्याला दोऱ्या किती लागतात यावर. जत्रेला अजून दहा महिने होते, तरी दोऱ्यांचा प्रश्न काही सुटत नव्हता. पावसाळ्यात तिकडून कौलावरचा पाऊस ऐकू यायचा आणि मधूनच तिचं हसणं. दिवाळीत योगीराजनं धीर केला आणि ईटला जाऊन हिंमतरावांपुढं बसला. त्यानं तोंड उघडण्याआधीच हिंमतरावांच्या मिशा ताठ झाल्या.

"पोरगा गुणाचा हाईस," ते म्हणाले. "पर माझी लेक रीळखाऊंच्या घरात दिली तर तालमीत तोंड कसं दाखवू? रीळ आण. जत्रंत गावापुढं लाव. मग बोलू."

हर्षालीनं त्याला दारापर्यंत सोडलं. "आणा की रीळ," ती हळूच म्हणाली. "मलाबी बघायचंय. लहानपणापासनं मी तिच्यासारखी व्हायला बघतेय. ती कशी जिंकली तेवढंच ठाऊक न्हाय."

योगीराजनं माळा उपसला, गोठा उपसला, ढोकीचे भंगारवाले पालथे घातले. रीळ सापडलं स्वयंपाकघरात. आईच्या लोणच्याच्या बरणीखाली वर्षानुवर्षं जो गोल चपटा पत्र्याचा डबा होता, तोच. आईला वाटायचं, तो बरणीबरोबरच आला असावा.

त्यानं डबा सापडल्याचा निरोप ईटला धाडला आणि दार लावून भिंतीवर रीळ लावलं. सौदामिनीनं राजकुमाराची तलवार उडवली. योगीराज टाळी वाजवणार, तोच राजकुमार नुसता हसला. सौदामिनी लाजली. तिनं स्वतःची तलवार टाकली, त्याच्या जोड्यांवर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "स्वामी, या हातांना आजवर लाटणं माहीत नव्हतं. भूक लागली असेल ना?" शेवटच्या दृश्यात ती पोळ्या लाटत होती. राजकुमार तिसरी मागत होता.

योगीराजनं रीळ गुंडाळून पुन्हा डब्यात घातलं. मग फोन वाजला.

"सापडलं म्हणं?" हर्षालीचा आवाज आनंदानं फुटत होता. "बघितलं? जिंकती ना ती?"

"हॅलो… हॅलो… आवाज येत न्हाय…" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला इतकं खोटं शोभत नाही, पण दुसरं काही सुचलं नाही. रीळ लावावं तर आजोबांवरचा डाग जाईल, सासरा मिळेल, आणि बायको पट्टा घेऊन मागं लागेल. लपवावं तर सासराही नाही आणि बायकोही नाही.

जत्रेत हिंमतराव स्वतः माईकवर होते. "आज शेवटचं रीळ दिसणार! कुणी उठायचं न्हाय!" व्यंकटला यंदा मार नव्हता, म्हणून तो बायकोपोरांसह पहिल्या रांगेत निवांत बसला होता. हर्षाली पट्टा बाजूला ठेवून मांडी घालून बसली होती. नवा मोरपंखी ड्रेस, डोळे पडद्यावर. तिनं एकदाच मागं वळून योगीराजकडं बघितलं आणि हसली. त्याच्या हातातलं रीळ जड झालं.

लढाई सुरू झाली. सौदामिनीनं तलवार उडवली. गाव उठून ओरडलं. राजकुमार हसला… सौदामिनी लाजली… तिची मूठ सैल व्हायला लागली…

योगीराजनं भिंगावर हात धरला.

पडदा काळा झाला, मग त्यानं रीळ ओढून काढलं तसा पांढरा.

"रीळखाऊ!" मागून कुणीतरी ओरडलं. "आज्यानं खाल्लं, नातवानं आमच्यादेखत खाल्लं!"

"व्हय, खाल्लं," योगीराज म्हणाला. "न्हाय दाखवणार. वस्ताद, तुम्ही पोरगी देऊ नका. पर तिच्या सौदामिनीला मी खाली बघायला लावणार न्हाय."

हर्षाली उभी राहिली. "खाली म्हंजे?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काठी आपटल्याचा आवाज आला. हिंमतरावांच्या थोरल्या बहीण कमलबाई उठत होत्या. त्या पुऱ्या उठेपर्यंत ओरडणारे खाली बसले.

"हिमत्या, बस खाली," कमलबाई म्हणाल्या. "तू तवा माझ्या कडेवर होतास. पयल्या साली बायकांच्या खेळाला बघितलंय आमी ते रीळ. तलवार टाकून पोळ्या लाटत बसती मेली! आमी साऱ्या पोरींनी लिंबाजीला गाठलं. म्हटलं, पुन्यांदा ह्या गावात हे रीळ लावलंस तर तंबू पेटवू. आन् कुणाला सांगायचंबी न्हाय. सांगितलं तर बाप्ये मान्सं मुद्दाम बघायची. त्यानं शबुद पाळला. मरस्तोवर रीळखाऊ म्हणवून घेतलं." त्यांनी योगीराजकडं काठी दाखवली. "ह्योबी त्याच मापाचा हाय."

हिंमतरावांनी माईक बंद केला. मग पुन्हा चालू केला आणि त्यात नुसतेच खाकरले.

हर्षालीनं पट्टा हातात चढवला होता. ती उजेडात आली, तशी तिची सावली पडदाभर झाली. योगीराज मशीनमागून निघाला, पडद्याशी पडलेली व्यंकटची चांदीचा कागद लावलेली लाकडी तलवार त्यानं उचलली, तिच्यापुढं गेला आणि ती तलवार तिच्या पायाशी ठेवली.

"हरलो," तो म्हणाला. "वरीसभर झालं… हरलेलोच हाय."

गाव विरघळलं. व्यंकटच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. हर्षालीनं मात्र पायानं तलवार त्याच्याकडं सरकवली.

"उचला," ती म्हणाली.

"आँ?"

"उचला ती. न लढता हरणारा नवरा मला नको."

त्यानं उचलली. जमेल तसा लढला, म्हणजे मागं सरकत राहिला. पट्ट्याचं पातं कानाजवळून सूं करून गेलं, चांदीचा कागद फाटला, तलवारीचं टोक उडून बसवराजच्या भेळेच्या गाड्यावर पडलं. मागं सरकता सरकता तो पडद्याला टेकला.

"कबूल?" तिनं धापा टाकत विचारलं.

"कबूल."

"काय कबूल?"

"पोळ्या मी लाटीन… पर गोल येत न्हाईत."

हर्षालीला इतकं हसू आलं, की पट्टा खाली घ्यावा लागला. सौदामिनी हसताना गावानं पहिल्यांदाच पाहिली. हिंमतराव माईकमध्ये म्हणाले, "सिनेमा संपला. जावयाला पाणी द्या कुणीतरी."

रीळ वाया गेलं नाही. लग्नानंतरच्या ज्वारीला कमलबाईंनी ते कात्रीनं लांब लांब कापून हिंमतरावांच्या रानात कणसांवर बांधलं. वाऱ्यावर ते चकाकतं, फडफडतं. एकेका पट्टीत सौदामिनी बारीक बारीक होऊन तलवार टाकत असते, पोळ्या लाटत असते. आणि ते बघून पाखरं जी उडतात, ती थेट शेजारच्या शरणप्पांच्या रानात जाऊन बसतात.