एकाच डोळ्याची बाहुली

धामणकर नाक्यावरच्या सुकन्या तरेंच्या कचेरीत रंगूबाई आली. रानातली पाला-फुलं आणून औषध देण्यात तिची हयात गेली होती. आता वळ गावचे केसरीनाथ पाटील तिच्या काढ्याने आजारी पडले, असं गाव म्हणत होतं, आणि तिला कुणी दारात उभं करेना.

“खोकल्याला फकस्त अडुळसा दिला हाय, ताई. इख न्हाय. उद्या पाटील पोलिसांत तक्रार देनार हायेत.”

सुकन्या पूर्वी दवाखान्यात औषधं देत असे. खासगी तपासाचं काम तिने दोन हजार चार साली सुरू केलं. मदतनीस प्रितेशला घेऊन ती रंगूबाईबरोबर निघाली.

केसरीनाथ पडवीत बसले होते. त्यांच्या उजव्या डोळ्याची बाहुली टपोरी झाली होती, डावी नेहमीसारखी. रंगूबाईची मान वर होईना.

“तोंडाला कोरड पडते?” सुकन्याने विचारलं.

“न्हाय. सोमवारी सकाळी देवळात जाऊन आलो, काढा घेतला, पेपर उघडला तर या डोळ्याला सगळं पुसट. ठाण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. तो चांगला आलाय.” बोलता बोलता त्यांनी डोळा चोळला. “ट्रकांची धूळ. सारखी खाज येते.”

सून मनाली म्हणाली, “उरलेला कपभर काढा मी प्याले. मला काही झालं नाही.”

गोदामाला जमीन देण्यावरून रविवारी केसरीनाथांचं पुतण्या हितेशशी वाजलं होतं.

“भांडलो, खरं आहे,” तिथेच उभा असलेला हितेश म्हणाला. “पण सोमवारी मी दुपारी आलो. काकांना ठाण्याला मीच नेलं.”

“हाच तो,” प्रितेश कुजबुजला.

सुकन्या कुंपणाशी गेली. तिथे कर्ण्यासारख्या पांढऱ्या फुलांचं, काटेरी फळांचं झुडूप होतं. “ही फुलं कोण तोडतं?”

“बाबाच,” मनाली म्हणाली. “देवाच्या फुलांना ते दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत.”

सुकन्याने सगळ्यांना पडवीत बसवलं.

“विष पोटात गेलं असतं तर दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्या असत्या, घसा सुकला असता. काढा मनालीही प्यायली, ती ठणठणीत आहे. आणि हितेश आला तेव्हा डोळा बिघडलेलाच होता. म्हणजे जे लागलं ते बाहेरून, एकाच डोळ्याला. हा धोतरा. डोळे तपासताना डॉक्टर बाहुली मोठी करायला अ‍ॅट्रोपीनचे थेंब घालतात, तेच द्रव्य यात असतं. केसरीनाथ, महादेवाला वाहायला तुम्ही धोतरा तोडलात आणि त्याच हाताने डोळा चोळलात. गुन्हा कुणीच केलेला नाही.”

केसरीनाथ उठून हात धुवायला गेले.

ठाण्याच्या डॉक्टरांनी फोनवर दुजोरा दिला. चार दिवसांत बाहुली पूर्ववत झाली, आणि केसरीनाथ पायी रंगूबाईच्या दारी गेले. चार लोकांसमोर त्यांनी हात जोडले.

“बाय, माझ्या आईचा दमा तू सुसह्य केलास. तुझ्यावर आळ घेताना माझी जीभ झडली न्हाय. माफ कर.”

रंगूबाईने त्यांचे हात धरून खाली केले. दुसऱ्या दिवशी ती सुकन्याकडे आली. तिने सुकन्याच्या गालावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

“आज पाच घरांनी हाक मारली, ताई,” ती म्हणाली. “पाची घरी बसून आले.”