बोटी आत आहेत का?

हे खरं घडलंय. यात खोटी गोष्ट एकच आहे, आणि ती मीच सांगितलेली आहे.

मागच्या सप्टेंबरातला रविवार. अमेरिकेतलं बेलव्ह्यू. दुपारचे दोन.

समुद्राखालच्या इंटरनेट केबल सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी काम करतो. माझ्याकडे पॅसिफिकमधला एक छोटा बेटांचा देश आहे. नाव सांगत नाही. एक धावपट्टी, एक धक्का, एक केबल. फोन, हवामानाचे इशारे, सगळं तिच्यातूनच.

दुरुस्तीसाठी ती बंद करायची, तर आमची यादी ठरलेली असते.

१. बॅकअप घेतला ✔

२. सरकारला मेल केली ✔

३. बंदरावर फोन केला. बोटी आत आहेत का? ✔

तिसरी खूण खोटी आहे.

बंदरावर तेविता नावाचे म्हातारे गृहस्थ असायचे. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मी त्यांना काका म्हणायचो. अर्थ सांगितला तेव्हा खूप हसले होते. "मग पुतण्या, फोन एवढ्या घाईने ठेवत जाऊ नकोस."

एकेक बोट नावानिशी मोजायचे. वीस-वीस मिनिटं जायची.

अडीचला मंडळाच्या गणपतीत माझ्या लेकीचं, अनयाचं लेझीम होतं.

मी खूण केली. केबल बंद केली. निघालो.

तिकडे सोमवारची सकाळ होती. एक बोट बाहेर होती. वादळाचा इशारा बंदरावर पोचलाच नाही. वादळ समोर दिसल्यावर तेविताकाका तिला आणायला स्वतः गेले...

नऊ माणसं. आणि ते.

चौकशीत मी म्हणालो, "फोन केला होता. ते म्हणाले, सगळ्या आत आहेत."

नाही म्हणायला ते नव्हते.

त्या कॉलचं रेकॉर्डिंग मिळालं नाही. सिस्टिमचा घोळ, असं ठरलं.

या मार्चमध्ये केबल पुन्हा बंद केली. या वेळी बंदरावरच्या नव्या बाईंना फोन केला. बोटी मोजून घेतल्या. शेजारी ऑफिसातली नागपूरची प्रीता बसली होती.

लाइन बंद होऊन दहा मिनिटं झाली असतील...

फोन वाजला.

बंदराचा नंबर.

"अरे यार, लाइन तर डाऊन आहे," प्रीता म्हणाली. "हा कॉल येतोय कुठून?"

मी उचलला.

पाणी... नुसतं पाणी. मग कट.

प्रीताने आत्ताच्या कॉलचं रेकॉर्डिंग शोधलं. "शंतनू, हे बघ! यावर तारीख सप्टेंबरची आहे. तुझा तो कॉल! सापडला!"

मी हेडफोन लावले.

आवाज माझाच होता. मी कधीच न केलेल्या फोनमधला.

"काका, बोटी आत आहेत का?"

"नाही रे पुतण्या. एक बाहेर आहे. थांबशील?"

"थांबतो, काका."

पुढे पाणी.

तेव्हा फाइल चार मिनिटांची होती. रोज थोडी वाढते. कोण वाढवतं, माहीत नाही. पाण्याखेरीज अजून काही ऐकू आलेलं नाही...

सप्टेंबरातल्या त्या रविवारी केबल सहा तास बंद होती.

आज सकाळी फाइल पाच तास एक्कावन्न मिनिटांची झालीय.

प्रीताने ती ऐकलेली नाही. माझ्या भल्यासाठीच रोज विचारते, "चौकशीवाल्यांना पाठवू का रे? तुझं नाव क्लिअर होईल."

"थांब," मी म्हणतो.