सर हर्बर्टचा उजवा हात

बसा. लापशी आहे, मांस मात्र मागू नका. मी ते शिजवणं सोडलंय.

मी सर हर्बर्टच्या फौजेत आचारी होतो. धनी सरहद्दीपलीकडे इंग्लंडात, छावणीतच तापाने मेला. घर आठ दिवसांच्या वाटेवर आणि दिवस उन्हाळ्याचे. अशा वेळी प्रेत उकळून हाडं तेवढी घरी न्यायची, असा बड्या लोकांचा रिवाज. काम माझ्या गळ्यात पडलं. हंडा एकच, रोजच्या लापशीचा.

दुपारपर्यंत मांस सुटलं. लांबून एक शिपाई ओरडला, "डँड, आज मेजवानी का रे?" वास खरंच चांगला येत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं... त्याची किळस अजून जात नाही.

उजवा पंजा मात्र शिजेना. बाहेर काढला तर कोरडा ठणठणीत. नखांत जाळलेल्या गावांची काजळीसुद्धा तशीच.

आमच्या सरहद्दीवर मुलग्याच्या बाप्तिस्म्यात उजवा हात पाण्याबाहेर धरतात. तो हात देवाचा होत नाही, म्हणून त्याने कुणालाही कापलं तरी पाप लागत नाही म्हणे. धन्याच्या त्या हाताने बाळंतिणीही सोडल्या नाहीत. मी ते पाहिलं आणि तरी त्याला रोज वाढत राहिलो. थू माझ्या जिण्यावर.

गढीवर धन्याच्या विधवेने, बाईसाहेब युफेमियांनी, हाडांची पेटी उघडली. धन्यामागे जन्मलेला मुलगा त्यांच्या कडेवर होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा.

"डँड... हा हात असाच?"

"तीनदा उकळला, बाईसाहेब."

त्यांनी बाळाची मूठ घट्ट धरली. "माझ्या पोराचा हात मी असा होऊ देणार नाही. त्याला आख्खा बुडवायचा."

देवळात फादर निनियन कुरकुरले. "अहो, मग हा तलवार कशाने धरणार?"

"नाही धरली तर देवाला मेणबत्ती लावीन. बुडवा."

फादरनी बाळाला एकदा बुडवलं, दोनदा बुडवलं. तिसऱ्यांदा वर काढलं आणि ते तसेच उभे राहिले, पांढरेफटक.

"काय झालं, फादर?"

"सोडत... सोडत नाहीये..."

बाळ नखशिखांत निथळत होतं. उजवी मूठ तेवढी कोरडी होती आणि तिच्यात फादरचा अंगठा होता. बाईसाहेबांनी आणि मी मिळून एकेक बोट उलगडलं, तोवर अंगठ्याचं हाड मोडलं होतं.

बाळ गाढ झोपलेलं होतं.