मशीन बंद होती तेव्हा

ही गोष्ट खरी आहे. पटवून देण्यासाठी मी कोणाच्या हातापाया पडणार नाही. मी वाशिमजवळच्या मालेगावात सर्जिकल सामानाच्या दुकानात कामाला आहे आणि मला भुतापेक्षा उन्हाळ्यात लाईट जाण्याची भीती जास्त वाटते. पण हे जिच्या घरात घडलं ती तुळसाबाई माझी सख्खी मावशी. आणि यातला शेवटचा भाग मी स्वतः पाहिला आहे.

गाव किन्हीराजा. याच सालचा एप्रिल. मंगळवार.

अशा गोष्टीत रात्र असते, अमावस्या असते, कुत्री रडतात. इथे तसलं काही नाही. वेळ भर दुपारची, सव्वाबाराची. ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली.

मावशीचा नवरा शालिग्राम, म्हणजे माझे काका. वावरात चालताना कापलेल्या तुरीचा टोकदार खुंट त्यांच्या पायात घुसला. शुगर जुनी, त्यामुळे पाय बधिर. तीन दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा दोन बोटं गेली आणि तळव्यापासून घोट्यापर्यंत तळहाताएवढी जखम उघडी राहिली.

वाशिमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तीन आठवडे मशीन लावून बघू. मांस भरलं तर पाय वाचला. नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल."

ती मशीन मीच आणून दिली. जखमेत काळा स्पंज भरतात, वरून प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवतात, आणि मशीन एका नळीतून आतली हवा ओढत राहते. हवा गेली की स्पंज मनुक्यासारखा आक्रसतो. घाण पाणी डब्यात येतं आणि खालून नवं मांस धरतं. मी मावशीला तीनतीनदा बजावलं होतं की दोन तासांच्या वर मशीन बंद राहिली तर स्पंज आतच सडतो, मग पाय गेलाच समज.

तिने मान हलवली. तिच्या मानेलाही कंटाळा आला होता.

पाय बिघडल्यापासून चाळीस दिवस ती एकटी करत होती. पहाटे गाईचं, मग इन्सुलिन, मग भाकरी, मग काकांचं हगणं-मुतणं. दर तिसऱ्या दिवशी ऑटोत घालून ड्रेसिंगला न्यायचं. त्यात चार दिवसांपासून ही मशीन; पट्टी जरा कुठे सुटली की ओरडायची, रात्री दोनला म्हणू नका, चारला म्हणू नका. नळीवर हात ठेवून ती डोळे मिटायची, पण ती झोप नव्हे. मुलगा हरीओम पुण्याला. तो रोज व्हिडिओ कॉल करून बापाचा पाय बघायचा आणि "काळजी घ्या" म्हणून ठेवून द्यायचा. काळजी घ्यायला त्या घरात एकच माणूस होतं.

तर त्या मंगळवारी लाईट आली. घरात धड चालणारा एकच प्लग. त्यात मशीन लावायची, नाहीतर कूलर.

"तुळसे, भट्टीत घातल्यावानी होऊन राह्यलं वं," काका म्हणाले.

तिने मशीनची पिन काढली आणि कूलर लावला. बॅटरीवर घंटाभर तरी चालेल, असा हिशोब. खाटेशेजारी चटई टाकली आणि पाठ टेकली.

मध्ये मशीन ओरडली असणार. हाताला सवय होती. झोपेतच हात गेला, बटण दाबलं, आवाज बंद.

जाग आली तेव्हा सव्वाचार झाले होते.

लाईट गेलेली. कूलर गप्प. चिमण्या नाहीत, रस्त्यावर गाडी नाही. आणि त्या शांततेत...

सुर्रर्र...

थांबून पुन्हा...

सुर्रर्र...

चला, मशीन चालू आहे, असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं.

मशीनचा पडदा काळा ठिक्कर. बॅटरी संपून किती वेळ झाला कोण जाणे.

 बॅटरी वजा केली तरी तीन तास! म्हणजे पाय गेला. आपण झोपलो आणि नवऱ्याचा पाय गेला. तिने चादर बाजूला केली. हवा गेली की पट्टी सैल पडते, खालचा स्पंज फुगतो, हे मी तिला दाखवून ठेवलं होतं.

पट्टी घट्ट होती.

स्पंज मनुक्यासारखा आक्रसलेला. बोट लावलं तर लाकडासारखा कडक. नळीत काही हलत नव्हतं. तरी कोणीतरी ओढत होतं.

मग तिला वास आला... मेणाचा. मधाच्या पोळ्याचं असतं ना, त्या मेणाचा.

खाटेखाली पितळेची वाटी होती. तिने ठेवलेली नव्हती. वाटीत चुलीतली राख. ओली. काळीकुट्ट.

तिने ती राख मागच्या दारी उकिरड्यावर टाकली, लाईट आल्यावर मशीनची पिन लावली आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगून डॉक्टरांच्या शिव्या खायच्या होत्या का? गुरुवारी ड्रेसिंगला नेलं. डॉक्टरांनी स्पंज काढला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा! लाल मांस धरलंय. छान सांभाळता तुम्ही."

मावशी भिंतीला टेकून उभी राहिली.

शुक्रवारी दुपारी लाईट होती. बॅटरी पूर्ण होती. पण मशीन बंद झाली.

या वेळी बटण तिने स्वतः दाबलं.

काहून, ते मी नंतर विचारलं. "पाह्यलं, होते का तसं," एवढंच म्हणाली. ती चटईवर पडली आणि मेल्यासारखी झोपली. चारला उठली तर पट्टी घट्ट, वाटी भरलेली. शनिवारी तेच. रविवारी तेच. दुपारी बारा वाजले की घरात मेणाचा वास यायचा आणि तिचे डोळे आपोआप मिटायचे. आपल्याऐवजी कोणीतरी जागं आहे, हे तिला कळत होतं. कोण आहे, ते विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. भुकेल्या माणसाच्या पुढ्यात ताट आलं तर तो वाढणाऱ्याची जात विचारतो का?

कोण, ते काकांनीच सांगितलं. पाचव्या-सहाव्या दिवशी.

"माय येते वं," ते छताकडे पाहत म्हणाले. "तिचे केस लागतात पायाले. थंडगार."

काकांची आई धनीबाई. जाऊन अठरा वर्षं झाली. ती गावात तुंबडी लावायची. गाईचं शिंग, टोकाला भोक. दुखऱ्या जागी फासण्या, म्हणजे बारीक चिरा, मारायच्या, शिंग उपडं ठेवायचं, टोकाला तोंड लावून हवा ओढायची आणि जिभेनेच मेण लावून भोक बंद करायचं. नासकं रक्त शिंगात येई. ते ती राखेच्या वाटीत टाकी. पैसा कधी घेतला नाही. मी मशीन घेऊन गेलो होतो ती काही नवीन वस्तू नव्हती, एवढंच काय ते.

"एक गोष्ट होती मायची," काका म्हणाले. "तोंड लावलं का मान खाली. तिले काई दिसे नाई. रक्त काळं हाय का लाल, हे बिमाराच्या जवळच्या मानसानं पाहाचं. लाल लागलं का 'पुरे' म्हनाचं. मंगच ते सोडे."

"तिले सोताले समजे नाई काय?" मावशीने विचारलं.

"नाई. ओढनाऱ्याले नाई समजत. सांगा लागते."

 मावशीने वाटी घासून खाटेखाली ठेवली.

पुढच्या तीन आठवड्यांत जखम भरली. डॉक्टरांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतले. पाय वाचला. हरीओमने व्हिडिओ कॉलवर देवाला हात जोडले. मशीन माझ्या दुकानात परत आली.

पुढच्या पेशंटला द्यायची म्हणून मी ती पुसून चार्जिंगला लावली. त्यात किती तास चालली याची नोंद राहते. सहज पाहिली... आणि पुन्हा पाहिली.

रोज दुपारी बारा ते चार मशीन बंद. सलग अठरा दिवस.

तो पाय सडायला हवा होता. मी इतकी वर्षं हे काम करतो, असा पाय वाचलेला मी पाहिलेला नाही.

मी मावशीला फोन लावणार, तेवढ्यात तिचाच आला. काकांना वाशिमला नेलं होतं. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सहावर आलं होतं. डॉक्टरांनी पोट तपासलं, शौच तपासलं, सगळं तपासलं. रक्त कुठून जातंय ते सापडेना. दोन पिशव्या चढवून घरी पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा सहा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मोटारसायकल काढून किन्हीराजाला गेलो. पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते.

काका खाटेवर. चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा. पाय मात्र सुरेख भरलेला, नवी गुलाबी कातडी. मावशी चटई अंथरत होती. तिच्याकडे पाहून मी चपापलो. चाळीस दिवसांत सुकून खारीक झालेली बाई आता टवटवीत दिसत होती.

मी नोंदीचं विचारलं. तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं.

"पण मशीन तर गेली, मावशी. आता कोण कशाला येईल?"

तिने खाटेखालून वाटी ओढली. कालची होती, फेकायची राहिलेली.

राख लाल होती.

"कधीपासून?"

"तुह्यी मशीन गेली त्याच्या आंधीपासून."

"मग 'पुरे' काहून नाही म्हटलं?"

ती चटईची घडी बोटाने सरळ करत राहिली. मी पुन्हा विचारलं. मोठ्याने विचारलं.

"मले झोप लागते रे, बबलू," ती म्हणाली. "माय असते तवाच लागते. बाकी दिवसरात माहा कान यांच्या श्वासावर. लग्न होऊन छत्तीस वर्सं झाले, दुपारी कोनी म्हने नाई का तुळसे, तू पड, मी पाह्यतो. तिनं म्हटलं. सासू होऊन म्हटलं. पुरे म्हनलं का ते जाते. मंग मी पुन्ना एकली."

ती रडत होती. मला राग यायला हवा होता. पण त्या सगळ्या दिवसांत मी त्या घरी मोजून तीनदा गेलो होतो, तेही मशीनसाठी. 

इतक्यात मेणाचा वास आला.

काकांचे डोळे मिटलेले. आणि त्या भरलेल्या पायावर... घोट्याच्या वर... कातडी हळूहळू आत जायला लागली. रुपयाएवढा गोल खळगा. कोणी नाही, काही नाही.

सुर्रर्र...

"पुरे!" मी ओरडलो. "पुरे! पुरे!"

खळगा आणखी खोल गेला. माझं कोण ऐकणार? मी जवळचा माणूस नव्हतो.

"मावशी, म्हण! माणूस चाललंय तुझं!"

तिने पायाकडे पाहिलं. मग चटईकडे पाहिलं.

"म्हनतो," ती म्हणाली. "उद्या म्हनतो रे. आज लई थकली."

आणि ती आडवी झाली. मी तिचा खांदा धरून हलवला. ती उठली नाही. लहान पोरासारखा तिचा श्वास चालला होता. मी खाटेच्या कडेला बसलो. काकांचा हात हातात घेतला. डोळा लागू द्यायचा नाही, असं स्वतःला बजावलं. तेवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा चार वाजले होते. मी खाली फरशीवर होतो. वाटी भरलेली होती.

आता जे लिहितोय ते लिहायला मला लाज वाटते. अशी झोप मला दहावीची परीक्षा संपली त्या दिवसानंतर लागली नव्हती. अंग हलकं झालं होतं. दुकान, हप्ते, दोन पोरांच्या फिया, काही काही डोक्यात नव्हतं. मावशी माझ्याकडे बघून ओळखीचं हसली आणि वाटी घेऊन मागच्या दारी गेली.

याला आज नऊ दिवस झाले. मी रोज संध्याकाळी फोन करतो. "म्हटलं का?" विचारतो. "उद्या म्हनतो," ती सांगते. काकांना तिसरी पिशवी चढवून झाली. हरीओम दोन दिवस येऊन गेला. त्याला मी सगळं सांगितलं, तो म्हणाला, "बबलूदादा, उन्हानं होते असं."

रविवारी मी पुन्हा जाणार आहे. तिला "पुरे" म्हणायला लावायचं आहे, त्यासाठीच चाललोय, हे मी बायकोलाही सांगितलं आहे.

चटई मी कालच बॅगेत घालून ठेवली.