एक फरशी आत

कन्सोलवर चालणारा व्हीआर हेडसेट चांगला की कॉम्प्युटरवर चालणारा, याचं उत्तर देणारे यूट्यूबवर ढिगाने पडलेत आणि त्यातले निम्मे मूर्ख आहेत. एसीच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर बसून तुलना करतात. माझ्याकडे येणार होती ती शनिवार-रविवारी भाजे लेणी उतरून आलेली, घामाने निथळणारी, एकमेकांच्या अंगावर पडणारी माणसं. त्यांच्या डोळ्यांवर कोणता खोका बांधायचा हे मला ठरवायचं होतं. हिंजवडीची नोकरी सोडून मी मळवलीला घरी परत आले होते, पुढचा हॉल व्हीआर खेळांच्या धंद्यासाठी रिकामा केला होता, आणि दोन्ही प्रकारचा एकेक हेडसेट मागवून स्वतःच तपासायला बसले होते.

कन्सोलवाला हलका. त्यातला काळा रंग खरोखर काळा दिसतो. त्याच्या कपाळावरच कॅमेरे असतात, ते खोली बघतात, आणि पाहिजे तेव्हा डोळ्यांसमोर खरी खोली काळी-पांढरी करून दाखवतात. वायर मात्र सारखी पायात येते आणि गेम मोजकेच. कॉम्प्युटरवाला जड, मानेला रग लागते, पण गेम म्हणाल तेवढे. त्याला कोपऱ्यांत दोन डबे भिंतीवर ठोकावे लागतात. त्या डब्यांतून न दिसणारा प्रकाश फेकला जातो आणि त्यावरून हेडसेटला कळतं आपण कुठे आहोत ते. थोडक्यात, एक खोलीकडे स्वतः बघतो, दुसऱ्याला भिंतींनी सांगावं लागतं. दोघांचा आपसात काडीचा संबंध नाही. हे मी निलेशला इतक्यांदा समजावलं की माझा घसा बसला.

निलेश माझा धाकटा भाऊ. मुंबईकरांच्या बंगल्यांच्या किल्ल्या सांभाळतो, बुकिंगं घेतो आणि ज्याला हात लावू नको म्हटलं त्याला आधी हात लावतो.

दोन्ही हेडसेटना एक गोष्ट सारखी लागते, ती म्हणजे हद्द. खेळ सुरू करायच्या आधी हातातल्या कंट्रोलरने जमिनीवर रेष आखायची. खेळताना तिच्याजवळ गेलात की समोर निळी जाळी उभी राहते आणि हातातला कंट्रोलर थरथरतो, म्हणजे भिंतीवर नाक आपटत नाही. मी हद्द भिंतीपासून भिंतीपर्यंत आखली. पूर्वेची कड खिडकीखालच्या शेवटच्या फरशीवर होती, मला पक्कं आठवतं, कारण तिथली एक फरशी टवका उडालेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्सोलचा हेडसेट चढवला तर पूर्वेची कड एक फरशी आत आलेली.

"निलेश, तू हात लावलास?"

"न्हाई गं ताई."

"मग रेष काय चालत आली?"

"नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणून तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

हद्द पुन्हा आखली, खिडकीपर्यंत. पुढच्या सकाळी ती आणखी एक फरशी आत होती. म्हणजे मी कितीही बाहेर ढकलली तरी तिला तिची कालची जागा लक्षात होती आणि तिथून ती पुढे सरकत होती. मशीन बिघडलं म्हणून मी विक्रेत्याला फोन केला. त्याने उन्हाची तिरीप, आरसा, चकचकीत फरशी अशी कारणं सांगितली. ती मला त्याच्याआधी ठाऊक होती. तरीही खिडक्यांना जाड पडदे लावले, आरशाच्या कपाटावर चादर टाकली, जमिनीवर निळी चिकटपट्टी मारली. हॉलला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या उशीखाली ठेवली.

सकाळी चिकटपट्टी जागेवर होती. हद्द आणखी आत.

मग मी कॉम्प्युटरवाला चढवला. त्याची हद्द मी पहिल्या दिवशी आखली होती आणि तेव्हापासून तो खोक्यातच होता. त्याचीही पूर्वेची कड आत आली होती, त्याच फरशीच्या त्याच सांध्यावर.

अशा वेळी माणसाला भीती वाटायला हवी. मला राग आला. मला प्रत्येक गोष्टीचा आधी रागच येतो, हे माझं आबांवर गेलंय.

आबा म्हणजे आमचे वडील, केरबा. हॉलला लागून पश्चिमेला त्यांची खोली, मधे एकच दार. गेल्या वर्षी झटका आला तेव्हापासून ते लोखंडी खाटेवर आहेत. शरीर अर्धं गेलं, जीभ मात्र शाबूत राहिली. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालतात. त्या दिवसांत मात्र ते गप्प होते. माझं लक्षच नव्हतं त्यांच्याकडे.

मी कॅमेऱ्यातून हॉल नीट बघायचं ठरवलं. कन्सोलवाला हेडसेट लावून खरी खोली दाखवायचं बटण दाबलं. भिंती, पंखा, पडदे, सगळं काळं-पांढरं, थोडं दाणेदार. माझ्या पायाखालच्या फरश्यांचे सांधे स्पष्ट दिसत होते. हद्दीपलीकडे, खिडकीच्या बाजूला, सांधे नव्हते. तिथली जमीन गुळगुळीत होती आणि ओली चमकत होती. वाकून बघितलं तेव्हा तिच्यावर ओढलेल्या बोटांचे माग दिसले. लावणीच्या आधी भाताचा बांध चिखलाने लिंपतात ना, तसे.

हेडसेट काढला. कोरडी फरशी, टवका उडालेली. बाहेर महिन्याभरात पाऊस नव्हता, भात कापून शेतं तडकली होती, एक्स्प्रेसवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. मी फरशीवर हात फिरवला. हाताला धूळ लागली.

"किती आला?"

आबा विचारत होते, आतून, दारातून.

"कोण, आबा?"

"निम्म्यावर आला आसंल."

मी दारात जाऊन उभी राहिले. "कोण आला?"

"गेण्या."

गेणू आमचा पूर्वेचा शेजारी होता. मी कॉलेजात असतानाच तापाने गेला. त्याच्या पोरांनी राहिलेलं रान मुंबईच्या कुणाला तरी विकलं आणि ती गाव सोडून गेली. आता तिथे तारेचं कुंपण आणि गवत आहे. आमचे आबा आयुष्यभर गेणूचा बांध कोरत होते. हे गावात कुणाला सांगायला नको. दरसाल पावसाच्या तोंडावर बांध साफ करायच्या नावाखाली एक फावडं पलीकडचं छाटायचं आणि माती आपल्या बाजूला ओढायची. एक फावडं दिसत नाही. तीस वर्षांची फावडी दिसतात. गेणूने आमच्या घरचं पाणी सोडलं, शेवटी सरकारी मोजणी मागितली आणि मोजणीदार यायच्या आत तो मेला. आबांनी तेराव्याचं जेवण पचायच्या आत त्या कोरून घेतलेल्या पट्ट्यावर या घराचा पाया खोदला.

"खरा बांध कुठं होता, आबा?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मी विचारतेय, कुठं होता?"

त्यांनी चांगला हात गोधडीतून बाहेर काढला आणि डोक्यामागच्या भिंतीला टेकवला. पश्चिमेच्या भिंतीला. म्हणजे अख्खा हॉल आणि ही खोलीसुद्धा, त्यांच्या खाटेसकट.

मी निलेशला बोलावलं, काही न सांगता हेडसेट त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि तोंड खिडकीकडे केलं. मग त्याने हेडसेट काढून माझ्या हातात दिला, अंगणातल्या नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धूत बसला. त्यानंतर तो मला नाच आणि अंगण काही बोलला नाही.

हद्द रोज येत राहिली. दोन्ही हेडसेटमध्ये, एकाच सांध्यावर. कन्सोलवाल्यातून आता आवाजही यायचा. कान दिला की दूरवर कुणीतरी चिखलात फावडं मारतंय, मधे दम खातंय. कॉम्प्युटरवाल्यात आवाज नव्हता, पण कंट्रोलर हातात थरथरायचा, फावडं पडेल तसा. एवढाच काय तो दोघांतला फरक. शेवटी एका सकाळी दोघांनीही सांगितलं की खेळायला जागा पुरेशी नाही, मोठी खोली निवडा. हॉल संपला होता. लिंपलेली जमीन आबांच्या उंबऱ्याला टेकली होती.

"खाट हलवू," निलेश म्हणाला. "मागच्या पडवीत नेऊ. तिकडं तर आपलीच जागा हाय ना, पहिल्यापासून."

आम्ही खाटेच्या दोन बाजू धरल्या. आबांनी चांगल्या हाताने खिडकीचा गज पकडला.

"हात काडा."

"आबा, ऐका..."

"म्या हललो तर कबूल केलं आसं व्हईल. म्या न्हाई हलनार."

"अहो, कबूल करायला राहिलंय काय? सगळ्या गावाला माहितीये!" मी ओरडले. "तुम्ही खाल्लं त्याचं रान. आयुष्यभर खाल्लं. वर त्याच्यावरच पंचायतीत ओरडलात. मी लहान होते तरी मला ऐकू यायचं."

"माजं रान हाय."

"एकदा म्हणा, चुकलं. तेवढंच म्हणा. मी त्याच्या पोरांना शोधून काढते, मोजणी लावते, घर पाडायला लागलं तर पाडते."

"म्या जित्ता हाय तवर न्हाई." त्यांची मूठ गजावर पांढरी पडली होती. "गेण्याच्या बापाला भ्यालो न्हाई. गेण्याला काय भ्यायचं?"

निलेश रडायला लागला होता. त्याने आबांचे पाय धरले. आबांनी चांगला पाय झाडला, तो त्याच्या तोंडावर बसला.

मला तेव्हा जो राग आला तो मी आजही चुकीचा म्हणणार नाही. निलेशच्या ओठातून रक्त येत होतं. मी त्याला दंडाला धरून उठवलं.

"मग पडा तिथंच," मी आबांना म्हणाले. "तुमचं रान आहे ना? राखा."

आणि मधलं दार लावून घेतलं.

त्या दिवशी आत फक्त निलेश गेला, जेवण भरवायला. मी गेले नाही.

सकाळी दार उघडलं तेव्हा आबा जागे होते. वर पंख्याकडे बघत शांत पडले होते. मला हायसं वाटलं आणि त्याचाही राग आला. इतके दिवस घाबरवलं, आणि बघा, ठणठणीत.

खात्रीसाठी हेडसेट लावला.

भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. खिडकी दिसत होती, तिचे गज दिसत होते.

खाट नव्हती.

पश्चिमेच्या भिंतीपर्यंत जमीन लिंपलेली होती. ओली, सपाट, नीट हात फिरवलेली. फावड्याचा आवाज थांबला होता. काम उरकलं होतं.

मी हात पुढे केला. बोटांना खाटेचा गार पाईप लागला. मग गोधडी. गोधडीखाली आबांचा घोटा, उबदार. डोळ्यांसमोर मात्र माझा हात चिखलावर अधांतरी थांबलेला होता.

हेडसेट काढला. आबा होते. माझ्याकडेच बघत होते.

अशी नजर मी त्यांची कधी बघितली नव्हती. परक्याच्या घरी चुकून आत आलेल्या माणसासारखी, संकोचलेली. त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"बाई," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यात राग नव्हता. "केरबा हाय का घरात?"

मागे निलेश चहाची कपबशी घेऊन उभा होता.

"त्येला जरा बांधावर धाडा. भांडाया न्हाई म्हनावं. निस्तं बघून जा म्हनावं."

निलेशच्या हातून मी कप घेतला, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि कप ओठांशी नेला.

त्यांनी मान हळूच बाजूला केली.

"नगं बाई. रागवू नगा. बांधाचं झाल्यापास्नं ह्या घरचं पानी आमी पीत न्हाई."

तेव्हापासून निलेश तांब्या-भांडं घेऊन खाटेशी बसून आहे. भांडं पुढे केलं की आबा त्याच्याकडे बघून ओशाळं हसतात, आणि ओठ मिटून घेतात.